गोष्ट आठवते, कांजी वाचता येत नाही

एका वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून त्याचा सारांश असा: वय ३१, राहणे पुण्यात, नोकरी चाकणजवळच्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात. जपानी कागदपत्रांच्या भाषांतराला हातभार लावणे हे त्यांच्या कामातच येते. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-४ पातळी त्या उत्तीर्ण झाल्या आहेत आणि डिसेंबरात, म्हणजे पाच महिन्यांनी, तिच्यावरची एन-३ देणार आहेत. गेले १४ महिने त्या कांजी, म्हणजे जपानी लिपीतली चिनी मुळाची चिन्हे, गोष्टींच्या पद्धतीने शिकत आहेत. कांजीचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याला नाव द्यायचे, अख्ख्या कांजीला एक इंग्रजी शब्द नेमून द्यायचा, आणि तुकड्यांपासून त्या शब्दापर्यंत नेणारी एक चमत्कारिक गोष्ट रचायची; उच्चार मागाहून शिकायचे. अशा ११०० कांजी झाल्या. मागच्या महिन्यात साहेबांनी जपानहून आलेल्या पत्रातला दोन कांजींचा एक शब्द वाचायला सांगितला. पहिलीत गाय आणि देऊळ दिसले, 'स्पेशल' आठवले. दुसरीत हात, पंजा आणि झाड दिसले, इंग्रजी 'पिक', म्हणजे वेचणे, आठवले. पण शब्द काही तोंडातून निघेना. लाइनवर दहा वर्षे काढलेल्या, जपानीचा एकही वर्ग न लावलेल्या सहकाऱ्याने शेजारून डोकावून 'तोकुसाइ' असे वाचून टाकले. सेन्सेई, म्हणजे जपानीच्या शिक्षिका, म्हणतात, गोष्टी सोडा आणि वहीत गिरवा. अभ्यासातला मित्र म्हणतो, मध्येच थांबू नकोस, सगळ्या २१३६ पुऱ्या कर, उच्चार आपोआप येतील. शिवाय एकेका गोष्टीला अर्धा तास जातो, आणि या वयात गाई-देवळांच्या गोष्टी रचत बसल्याची लाजही वाटते. त्या विचारतात, '१४ महिने वाया गेले का, आणि आता कोणाचे ऐकू?'

प्रिय मैत्रीण,

तुमच्या पत्रातला तो प्रसंग मी दोनदा वाचला, कारण तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यातच आहे. कारखान्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: ठरलेल्या मापात न बसलेला, पण वापरल्यास धोका नाही असे तपासून ठरवलेला माल खास परवानगीने स्वीकारला जातो, त्याला जपानी कारखान्यांत 'तोकुसाइ' म्हणतात. 'तोकुबेत्सु साइयो', म्हणजे विशेष स्वीकृती, याचे ते आटोपशीर रूप. तुमच्या सहकाऱ्याच्या कानावरून हा शब्द हजारदा गेला असणार, आणि मालाला लावलेल्या चिठ्ठीमुळे डोळ्यांनाही तो सरावाचा झाला असणार. त्या चिन्हातली गाय त्याने आजवर पाहिलीही नसेल. तुम्हाला गाय दिसली, देऊळ दिसले, पंजा आणि झाड दिसले, पण 'तोकुसाइ' नावाचा शब्द जगात आहे हेच तुम्हाला ठाऊक नव्हते. जो शब्द आपण कधी ऐकलेला नाही तो वाचता आला नाही, यात गोष्टीचा दोष नाही आणि तुमच्या स्मरणशक्तीचा तर नाहीच नाही.

म्हणून मला पहिली शंका आहे ती तुमच्या आकड्याविषयी. '११०० कांजी येतात' असे तुम्ही लिहिले आहे. कांजी येणे म्हणजे नेमके काय येणे? तिला एक आकार असतो, एक किंवा अधिक अर्थ असतात, बहुधा एकाहून जास्त उच्चार असतात, आणि ती ज्यांत राहते असे शब्द असतात. तुमच्या गोष्टींनी आकाराची गाठ एका इंग्रजी शब्दाशी मारून दिली, बाकीची सुते मोकळीच राहिली. एखाद्या लग्नाच्या हॉलमध्ये शंभर चेहरे ओळखीचे वाटावेत आणि एकाचेही नाव आठवू नये, तशी ही अवस्था आहे. ती अवघडलेली आहे हे खरे, पण ज्याला सगळेच चेहरे सारखे दिसतात त्याच्यापेक्षा तुम्ही पुष्कळ पुढे आहात. १४ महिने वाया गेलेले नाहीत. गोष्टींना जे काम कधी दिलेच नव्हते ते त्या करतील, अशी अपेक्षा मात्र तुम्ही धरली होती.

उच्चार मागाहून शिकायचे, या सूचनेबद्दल माझे मत कडक आहे. मराठी माणसाने ती पाळण्याचे काहीच कारण नाही, कारण एका चिन्हाला दोन उच्चार ही गोष्ट आपल्याला मुळात परकी नाही. आपण नळाला 'पाणी' आले म्हणतो, पण धरणाच्या मागे 'जलाशय' असतो. 'हात' मिळवतो, पण त्या कृतीला भारदस्त नाव देताना 'हस्तांदोलन' म्हणतो. आता अशी कल्पना करा की मराठीत पाण्यासाठी एकच चिन्ह आहे, ते एकटे असले की 'पाणी' वाचायचे आणि जोडशब्दात आले की 'जल'. जपानीत नेमके हेच होते. पाण्याची कांजी एकटी असली की 'मिझु', 'सुइदो' म्हणजे नळाच्या पाणीपुरवठ्यात 'सुइ'. हाताची कांजी एकटी असली की 'ते', आणि हस्तांदोलनाला शब्द 'आकुशु', त्यातला 'शु' म्हणजे आपला 'हस्त'च. घरचा उच्चार तो कुनयोमि, चीनमधून आलेला तो ओनयोमि. हा तद्भव-तत्समाचा संसार आपण लहानपणापासून सांभाळत आलो आहोत. तुम्ही मात्र मध्ये इंग्रजीचा दुभाषी बसवलात, आणि त्याला यातले काहीच ठाऊक नसते. थोरली बहीण आणि धाकटी बहीण यांना जपानीत दोन वेगळ्या कांजी आहेत. इंग्रजी शब्द नेमून देताना विशेषणे जोडत बसावे लागते, मराठीत पहिलीला 'ताई' म्हटले की काम झाले. ११०० नेमलेले शब्द बदलत बसा असे मी म्हणत नाही. जिथे इंग्रजी शब्द अडखळतो तिथे तो खोडून मराठी लिहा, एवढेच.

आता तुमच्या त्या गाईकडे येऊ. या सदरात कांजी चिन्हे छापण्याची सोय नाही, त्यामुळे मला त्यांचे तोंडी वर्णन करावे लागणार आहे. पण ही अडचण तुमच्या फायद्याची आहे, ती कशी ते पुढे सांगते. 'तोकु' या कांजीत डावीकडे गाय आणि उजवीकडे देऊळ, अर्थ 'विशेष'. तुमच्या ॲपने यावर कुठलीशी परदेशी गाय देवळात घुसवली आहे, ती तुम्हाला लक्षात ठेवायला जड गेली असे तुम्ही लिहिता. अहो, आपल्याकडे देवळासमोर आधी कोण बसलेला असतो? शंकराच्या देवळापुढचा नंदी! सगळ्या गोठ्यात त्याचाच मान विशेष. ही गोष्ट रचायला अर्धा तास नको, अर्धा क्षणही नको, कारण ती आपल्या डोक्यात आधीच घडवून ठेवलेली आहे. उसनी गोष्ट आणि आपल्या मातीतली गोष्ट यांत हा फरक पडतो.

याच देवळाला धरून आणखी चार पावले चालू. देवळाच्या डावीकडे सूर्य ठेवला की 'वेळ': सूर्य वर आला, काकडआरतीची घंटा झाली. सूर्याच्या जागी हात ठेवला की 'धरणे': हातात आरतीचे तबक. हाताच्या जागी चालणाऱ्या माणसाचे चिन्ह आले की 'वाट पाहणे': पंढरपूरची दर्शनबारी, तिथे आणखी काय करणार? वाणीचे चिन्ह आले की 'कविता': देवळातली वाणी म्हणजे अभंग. बघता बघता पाच कांजी झाल्या. त्यांतल्या 'धरणे' आणि 'वाट पाहणे' या दोघी दिसायला इतक्या सारख्या आहेत की परीक्षेत त्यांची अदलाबदल हमखास होते, आणि नेमक्या अशा जुळ्यांच्या बाबतीत गोष्ट तिच्या खऱ्या उपयोगाला येते. डावीकडे हात आहे की चालता माणूस, म्हणजे तबक आहे की रांग, एवढे आठवले की पुरते.

पण इथे थांबला असतात तर पुन्हा चेहरेच ओळखीचे झाले असते. देवळाचा ओन उच्चार आहे 'जि'. वेळेचाही 'जि', धरण्याचाही 'जि', आणि माणसाचे चिन्ह जोडून होणाऱ्या 'सामुराई'च्या कांजीचाही ओन उच्चार 'जि'च. कवितेचा 'शि', म्हणजे शेजारचाच. बहुसंख्य कांजी अशाच बांधलेल्या असतात: एक बाजू अर्थाचा विषय सुचवते आणि दुसरी उच्चार. सुमारे १९०० वर्षांपूर्वी शू शेन या चिनी पंडिताने ९३५३ अक्षरांचा कोश रचला, त्यात अक्षरांच्या सहा प्रकारांमध्ये हा प्रकार त्याने वेगळा काढून दाखवला होता. गोष्टीच्या पद्धतीत मात्र दोन्ही बाजूंना अर्थाचीच नावे मिळतात आणि उच्चाराचा आयता सुगावा गोष्टीखाली गाडला जातो. देवळाच्या घराण्यातून तिघे बाहेर पडले आहेत: 'वाट पाहणे' हिचा ओन उच्चार 'ताइ', 'विशेष' हिचा 'तोकु', आणि बांबूचे छप्पर असलेल्या 'समान' या कांजीचा 'तो', शेवटचा ओ लांबवलेला. म्हणजे आठ जणांत उच्चारासाठी वेगळी आठवण लागते ती या तिघांनाच. गोष्टी अशाच ठिकाणी खर्च करा.

तुमच्या साहेबांच्या त्या दुसऱ्या कांजीचेही तेच आहे. हात, पंजा आणि झाड. पंजा आणि झाड मिळून जो उजवा भाग होतो त्याचा उच्चार 'साइ'. तोच भाग गवताच्या छपराखाली ठेवला की भाजी, आणि 'यासाइ' हा भाजीचा शब्द तर तुम्ही पहिल्याच इयत्तेत शिकलात. तुमच्या सेन्सेईंनी किंवा ॲपने ही दोन चिन्हे एकदा जरी शेजारी ठेवून दाखवली असती, तर त्या दिवशी निदान निम्मा शब्द तुम्ही अंदाजाने वाचला असता.

लाज वाटते म्हणता, त्याविषयी. इंद्रधनुष्याचे रंग 'तानापिहिनिपाजा' म्हणून पाठ करताना आपल्याला लाज वाटली नव्हती, आणि वृत्तांचे गण 'यमाताराजभानसलगम्' या अर्थहीन सूत्रावर पिढ्यानपिढ्या तोलले गेले आहेत. जपानी लोकही कांजींच्या गोष्टी सांगत आलेले आहेत, आणि त्या चांगल्या चावट असतात. चेरीच्या झाडाच्या जुन्या कांजीत एक झाड, दोन शिंपले आणि एक स्त्री असे भाग होते. दोन शिंपले म्हणजे 'नि-काइ', आणि 'निकाइ' म्हणजे वरचा मजलाही. झाड म्हणजे 'कि', आणि 'कि' म्हणजे मनही. त्यावरून 'निकाइ नो ओन्ना गा कि नि काकारु', वरच्या मजल्यावरची बाई मनातून जात नाही, असे वाक्य जुळवून लोक ते किचकट चिन्ह लिहायला शिकत. प्रेमाच्या जुन्या कांजीत दोन दोरे, त्यांच्या मध्ये वाणी आणि खाली हृदय होते. 'इतो' म्हणजे दोरा आणि 'इतोशि' म्हणजे लाडके, तेव्हा 'इतोशि इतोशि तो इउ कोकोरो', म्हणजे 'लाडके, लाडके' म्हणणारे हृदय. आई-वडिलांसाठी असलेल्या कांजीबद्दल आजही सांगतात की झाडावर उभे राहून जे लेकराची वाट बघतात ते पालक. तेव्हा ३१व्या वर्षी नंदी आठवून कांजी लिहिणारी बाई जपानात कोणालाही चमत्कारिक वाटणार नाही.

मात्र या गोष्टींचे पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने बऱ्याच कांजींची रूपे सोपी केली. चेरीतले शिंपले गेले, प्रेमातले दोरे आणि मधली वाणीही गेली. गोष्टी उरल्या त्या गमतीचे वाक्य म्हणून, आणि कांजी चालू राहिली. आज 'कोइ', म्हणजे प्रेम, हा शब्द वाचताना जपानी माणसाला दोरा आठवत नाही. आपलेही तसेच नाही का? अंकलिपीत 'ख खटाऱ्याचा' होता म्हणून 'खरेदी' वाचताना कोणाच्या डोळ्यांसमोर खटारा येत नाही. 'षटकोन' लिहिताना मात्र एखादेवेळी हात अडतो आणि 'पोटफोड्या ष' आठवावा लागतो. गोष्टीचे वागणे असे असावे. अडले तेव्हा हाक मारली की यावी, एरवी दाराबाहेर राहावी. तुम्ही लिहिता की एक परिच्छेद वाचताना 'दर कांजीला एक सिनेमा सुरू होतो' आणि वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरते. याचे कारण असे की गेले १४ महिने तुम्ही सराव केलात तो गोष्ट आठवण्याचा. वाचण्याचा सराव झालाच नाही.

गोष्ट खरी असावी की रचलेली, हा प्रश्न तुम्ही ओझरता विचारला आहे. खरी मिळाली तर सोन्याहून पिवळे. शिंपल्याचेच बघा: खरेदी, उसने देणे, खर्च, संपत्ती, या सगळ्यांच्या कांजींमध्ये शिंपला आहे, कारण प्राचीन चीनमध्ये कवड्या धनासारख्या वापरात होत्या. ज्या भाषेत 'कवडीमोल' आणि 'फुटकी कवडी' हे शब्द रोजचे आहेत, तिच्यात या घटकाला 'शिंपला' तरी का म्हणावे, सरळ 'कवडी' म्हणा. 'वाटणी'खाली 'कवडी' ठेवली की 'गरिबी' होते, यावर आणखी गोष्ट रचायला नको. तसेच शरीराच्या अवयवांमध्ये जो चंद्र दिसतो तो चंद्र नाही, मांस आहे. जपानी लोक त्याला 'निकुझुकि' म्हणतात आणि त्यात 'निकु' म्हणजे मांस. पोट, फुप्फुस आणि मेंदू यांना चंद्राच्या गोष्टी लावून तुम्ही उगीच कष्ट घेतले आहेत. उलट, देवळाची कांजी मुळात देवळाची नव्हतीच. तिचा जुना अर्थ सरकारी कचेरी असा होता, आणि बौद्ध भिक्षू चीनमध्ये आल्यावर तिला देवळाचा अर्थ चिकटला. म्हणजे माझी काकडआरती इतिहासाच्या दृष्टीने साफ खोटी आहे. ती मी बिनधास्त वापरते. कोणाला व्युत्पत्ती म्हणून सांगत नाही, एवढे पथ्य पाळते.

सेन्सेईंचे गिरवणे मी टाकाऊ म्हणणार नाही. जपानी मुले प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १०२६ कांजी गिरवतच शिकतात, पहिलीत अवघ्या ८०. पण त्या मुलांना 'वेळ', 'भाजी', 'वाट पाहणे' हे शब्द बोलता येत असतात, आणि गिरवताना ती आधीच तोंडात असलेल्या शब्दाला चिन्ह चढवत असतात. तुम्हाला शब्द आणि चिन्ह दोन्ही एकदम आणायचे आहेत, तेव्हा नुसत्या गिरवण्याने हात दुखेल आणि पुन्हा 'स्पेशल पिक'पाशीच याल. शिवाय जेएलपीटीत हाताने लिहावे लागत नाही. दिलेल्या पर्यायांतून निवडायचे असते. म्हणून शंभर वेळा नको. एकसारख्या दिसणाऱ्या जोड्या मात्र चार-पाच वेळा, एकमेकींशेजारी, उच्चार मोठ्याने म्हणत लिहा. हाताला फरक कळला की डोळ्याला कळतो.

अभ्यासमित्राचा सल्ला मला जास्त धोक्याचा वाटतो. २१३६ ही २०१० साली सुधारलेल्या 'जोयो' यादीतली संख्या आहे, म्हणजे जपानी वृत्तपत्र आणि कचेरी यांच्या रोजच्या वापराचा आवाका. त्याच वर्षी जेएलपीटीची रचना बदलली आणि तेव्हापासून पातळीवार कांजींची अधिकृत यादी दिली जात नाही. पण त्याआधीच्या चार पातळ्यांत तिसरीला सुमारे ३०० आणि दुसरीला सुमारे १००० कांजी धरलेल्या होत्या, आणि आजची एन-३ या दोहोंच्या मधोमध बसवलेली आहे. तुमच्याकडे ११०० चेहरे आहेत. परीक्षेपर्यंत नवी कांजी एकही घेऊ नका. हे तुम्हाला माघार घेतल्यासारखे वाटेल, पण आता नवे पाहुणे बोलावण्यापेक्षा आलेल्यांची नावे विचारायला हवीत.

नावे विचारायची पद्धत अशी. रोज आठ-दहा जुन्या कांजी घ्या आणि प्रत्येकीसाठी एकच शब्द निवडा, शक्यतो असा की जो तुमच्या कानावर आधीच आहे. याबाबतीत तुमचा कारखाना म्हणजे खाण आहे. 'काइझेन' (सुधारणा) आणि 'गेम्बा' (प्रत्यक्ष कामाची जागा) हे शब्द तिथे मराठी वाक्यांत बोलले जातात. त्यांच्या कांजी तुम्हाला दिसल्या आहेत का? भिंतीवरच्या फाइव्ह-एसच्या, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पाच सूत्रांच्या, फलकाकडे बघा. सेइरि, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु: चार शब्दांत चार वेळा 'सेइ'. पहिल्या दोन्हींत एक कांजी आहे, पुढच्या दोन्हींत दुसरी. पहिलीच्या तळाशी 'बरोबर' या अर्थाची कांजी बसली आहे आणि तिचाच उच्चार 'सेइ' आहे. दुसरीत डावीकडे पाण्याचे तीन थेंब आणि उजवीकडे निळा रंग, अर्थ 'स्वच्छ', आणि उच्चार निळ्या रंगाकडून आलेला. त्याच निळ्याला थेंबांऐवजी सूर्य लावला की 'निरभ्र', वाणी लावली की 'मागणी', तांदूळ लावला की 'सूक्ष्म, अचूक', आणि सगळ्या 'सेइ'. तुमच्या विभागात येणाऱ्या बिलाच्या 'सेइक्यूशो'मध्ये आणि अचूकतेच्या 'सेइदो'मध्ये याच दोघी आहेत. ज्या फलकाखालून तुम्ही रोज जाता तिथे इतके पडलेले आहे.

तुम्ही आंकी हे पाठांतराच्या पत्त्यांचे ॲप वापरता हे बरेच आहे. त्या नावाचा जपानी अर्थही पाठांतर असाच आहे. फक्त पत्त्याची बाजू पालटा. समोर सुटी कांजी नको, एका छोट्या वाक्यात शब्द असू द्या. मागे आधी उच्चार, मग अर्थ, आणि गोष्ट सगळ्यात खाली. शब्द दिसला की मनात तीन अंक मोजा. उच्चार आला तर गोष्टीला हाक न मारता पुढे जा. नाही आला तरच गोष्ट काढा. एखादा पत्ता सात-आठ वेळा पडला तर दोष गोष्टीचा आहे असे समजून ती बदला, किंवा कांजी महिनाभर बाजूला ठेवा. नव्या गोष्टीला दोन मिनिटांहून जास्त वेळ देऊ नका. ज्या कांजी गोष्टीविनाच डोक्यात बसतात त्यांना गोष्ट रचण्याचा अट्टहास कशाला?

आणि आता तोंडी वर्णनाचा फायदा. जपानी लोक एकमेकांना फोनवरून कांजी सांगतात तेव्हा घटकांची नावे घेतात. पाण्याचे थेंब म्हणजे 'सान्झुइ', डावीकडचा हात 'तेहेन', वाणी 'गोनबेन', गवताचे छप्पर 'कुसाकान्मुरि'. 'विशेष' सांगायची तर 'उशिहेन नि तेरा', गाईशेजारी देऊळ. ही नावे वीस-पंचवीस पाठ करा आणि अभ्यासमित्राला रोज पाच कांजी फोनवरून सांगा. त्याने त्या लिहून उच्चार म्हणायचा, तुम्ही तपासायचा. घटकांना ॲपने दिलेल्या नावांपेक्षा ही नावे कामाची, कारण उद्या जपानी सहकाऱ्याशी बोलताना तीच कानावर पडणार आहेत.

हे सगळे करूनही फजिती होईल, त्याची तयारी ठेवा. मी जपानात पहिल्या वर्षी नागोयातल्या एका दवाखान्यात गेले होते. दारावर तीन कांजी होत्या: वाट पाहणे, एकत्र येणे, खोली. मला तिन्ही येत होत्या, त्यांचे ओन उच्चारही येत होते, म्हणून मी खिडकीतल्या बाईंना मोठ्या आत्मविश्वासाने विचारले की 'ताइगोशित्सु' हीच का. त्या गोंधळल्या, मग मी बोट दाखवले, मग त्या हसल्या. त्या खोलीला 'माचिआइशित्सु' म्हणतात. पहिल्या दोन कांजी कुनने वाचायच्या, तिसरी ओनने. असा सरमिसळ वाचायचा शब्द कोणत्याही गोष्टीतून आणि कोणत्याही नियमातून निघत नाही. तो कोणाच्या तरी तोंडून ऐकावा लागतो, आणि ऐकल्यावर त्या खोलीत चाळीस मिनिटे बसावे लागते.

म्हणून सोमवारी कारखान्यात गेलात की 'तोकुसाइ' वाचणाऱ्या त्या सहकाऱ्याला गाठा. लाइनवर रोज बोलले जाणारे वीस जपानी शब्द त्याच्याकडून वहीत देवनागरीत लिहून घ्या. त्याला ते उच्चारता येतात पण बहुतेक लिहिता येत नसतील. तुम्हाला आकार येतात, उच्चार नाहीत. कोणत्या शब्दात कोणती कांजी ते तुम्ही शोधून आणा, बरोबर की नाही ते तुमच्या सेन्सेई सांगतील. चहाच्या सुटीत दहा मिनिटे पुरतात. नंदीची गोष्ट त्याला सांगायची की नाही, ते त्याचा स्वभाव बघून ठरवा.